शुक्रवारची लाही

गोदाआत्या,

आपल्या घराचे वाईट दिवस मला एका आवाजावरून आठवतात. गेवराईच्या आपल्या दुकानापुढं एखादी बाई येऊन उभी राहायची, पदराची गाठ सोडायची आणि दादांच्या पुढ्यातल्या पाटावर काहीतरी टाकायची. टिंग. कधी बुगडीची कडी, कधी नथीचा आकडा, कधी लेकराच्या साखळीचं टोक. "सोनारदादा, ह्याचा डाग सुटला." एवढंच म्हणायची. दादा तो तुकडा डोळ्याजवळ न्यायचे, उलटासुलटा करायचे आणि बाजूच्या वाटीत ठेवायचे. संध्याकाळपर्यंत वाटीचा तळ दिसेनासा व्हायचा.

सोन्याला सोनं झाळून जोडतात त्या सांध्याला आपण डाग म्हणतो आणि अब्रूला लागतो त्यालाही डागच म्हणतो. आपल्या घराला दोन्ही एकदमच भोवले. पहिला सुटत गेला आणि दुसरा लागत गेला. मोठी घरं आपलं दुकान चुकवून बीडच्या सराफ्यात जाऊ लागली. दादा बैलांच्या घुंगरांना कड्या बसवायला लागले. ज्या माणसाच्या हातची पुतळ्यांची माळ लोक दिवाळीला शेजारपाजारी दाखवत फिरायचे, तो माणूस पोळ्याच्या आधी पितळ घासत बसलेला मी पाहिला. घरात कण्यांची आंबील, आणि तीसुद्धा आई पळीनं मोजून वाढायची. आणि ह्या सगळ्याचं कारण म्हणून गावानं, भावकीनं, आणि खरं सांगायचं तर आपल्या घरानंही, तुझ्याकडं बोट दाखवलं.

तू जाऊन आज पंधरा दिवस झाले. मी आता बी. एस्सी. झालेला माणूस आहे. गेवराईच्या आपल्या आळीतला पहिला, आणि हे मी लाजून सांगत नाही, छाती काढून सांगतो, कारण तुलाही ते तसंच सांगायला आवडायचं. ("आमचा दत्तू बियसी हाय. बियसी म्हणजे काय ते मला इचारू नका, त्यालाच इचारा.") तेव्हा ज्या गोष्टी तुझ्यासमोर बोललो नाही त्या आता लिहून काढतो. कागदावर माझं तोंड जास्त धिटाईनं चालतं.

सवागीपासूनच सुरू करतो. दुकानदार तिला टाकणखार म्हणतात, मुसलमान मंडळी सुहागा म्हणतात, आपण सोनार सवागी म्हणतो. खडीसाखरेसारखे पांढरे खडे. ते वाटून, पाण्यात कालवून सांध्याला लावले तरच डाग वितळून नीट पसरतो. तिच्यावाचून सोनाराची भट्टी म्हणजे नुसती शेकोटी. आणि हळदीचं कुंकू करायचं तर त्यातही लिंबाच्या रसाबरोबर हीच सवागी पडते. हळद लाल होते ती हिच्यामुळं. नाव सवागी, म्हणजे सौभाग्याचं, काम कुंकवाचं, म्हणून आपल्या घरात ती देवघरातल्या पितळी डबीत राहायची. आणि म्हणून तो नियम, जो कुणी लिहिला नव्हता पण सगळ्यांना पाठ होता: विधवेनं सवागीला हात लावायचा नाही.

तुला आजीनं नवव्या वर्षीच ते काम दिलं होतं. दर शुक्रवारी मातीच्या खापरीत सवागीचे खडे घालायचे आणि चुलीच्या मंद आचेवर ठेवायचे. खडे आधी घाम फुटल्यासारखे ओले व्हायचे, मग फसफसून वर यायचे आणि शेवटी पांढरीशुभ्र, कापसासारखी हलकी लाही व्हायची. लोकांच्या घरी शुक्रवारी फुटाणे आणि आपल्या घरी सवागीची लाही. ती कुटायची, वस्त्रगाळ करायची, डबीत भरायची आणि डबीला हळदकुंकू वाहायचं. श्रावणात हवा दमट, तेव्हा सोमवारीही एकदा भाजायचं. तुझं लग्न आळीतल्या आळीतच झालं, त्यामुळं लग्नानंतरही शुक्रवारी तू यायचीस, लाही करायचीस आणि जायचीस. दादांना डबी भरलेली मिळायची. डबीत काय होतं आणि त्याचं आधी काय केलेलं असायचं, हे त्यांनी जन्मात विचारलं नाही. पुरुषांना चुलीवरचं काय कळतं!

मग तुझा नवरा वारला. तू कायमची माहेरी आलीस आणि त्याच आठवड्यात डबी तुझ्या हातून काढून आईच्या हातात दिली. आई सवाष्ण. आईनं नियम पाळला. शुक्रवारी डबी धुतली, बाजारातली सवागी कुटून भरली, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. लाही तेवढी केली नाही. तिला वाटलं, शुक्रवारचं मुख्य काम म्हणजे हळदकुंकू. भाजणं हा तुझा आपला एक छंद असेल. आणि शुक्रवारी तुला चुलीकडं फिरकू देत नव्हते, त्यामुळं लाही होत नाही हे तुझ्याही ध्यानात आलं नाही.

महिन्याभरात डाग सुटायला लागले.

आत्या, आता मागं वळून बघतो तेव्हा मला राग येत नाही, घामच फुटतो. कारण लोकांनी जे जोडलं ते वरवर किती बरोबर दिसत होतं! विधवा घरात आली आणि डाग सुटू लागले. दोन्ही एकाच महिन्यातलं. कोणता पंच ह्यातून दुसरा निवाडा काढेल? तिसरी गोष्टही त्याच महिन्यात बदलली होती, पण ती चुलीपाशी बदलली होती आणि चुलीपाशी बघायला कुणी गेलं नाही.

आणि मग पाटलांच्या चंद्रीचं लग्न. मंगळसूत्राच्या दोन वाट्या दादांनी केल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी मोठ्या घरचं काम आलं होतं, म्हणून दादांनी त्यात जीव ओतला. नवऱ्यानं मंगळसूत्र बांधलं, अक्षता पडल्या, चंद्री पाया पडायला वाकली आणि एक वाटी कडीतून निखळून मांडवात घरंगळत गेली. भटजींच्या ताम्हणाला लागून थांबली. मी तिथं होतो. बायकांनी एकदम तोंडाला पदर लावला तेव्हाचा शब्दही न उमटलेला आवाज मी अजून ऐकतो.

दुसऱ्या दिवशी पाटील आपल्या दारात आणि भावकी ओट्यावर. "डबीला कुणी हात लावला?" असं थोरल्यांनी विचारलं. मी तेव्हा आठवीत होतो, शाळेत खरं बोलायला शिकवलं होतं, आणि मी खरं बोललो. "आत्यानं परवा उचलली होती. मांजरानं पाडली म्हणून."

एवढंच. मांजरानं पाडली म्हणून. पण 'मांजरानं' कुणी ऐकलंच नाही.

तू भिंतीला टेकून उभी होतीस. माझ्याकडं बघितलंस. मी खाली बघितलं. दोन दिवसांनी बैलगाडी जुंपली आणि तुला लिंबागणेशला लांबच्या नात्यात पाठवून दिलं, देवळाचे तांदूळ निवडायला. गाडीत बसताना तू दादांना म्हणालीस ते वाक्य मी गेली चौदा वर्षं चघळतोय:

"माधू, ह्याला भट्टीवर बसवू नको. जे दिसलं ते बोलला. असं पोरगं शाळंत पायजे."

आत्या, तो टोमणा होता की आशीर्वाद? मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. दोन्ही असेल असं आता वाटतं.

तू गेल्यावर डाग सुटायचे थांबले का? नाही! तसेच सुटत राहिले. ज्याला डोकं आहे त्यानं तिथंच समजून घ्यायला हवं होतं. पण माणसाला एकदा कारण सापडलं की तो ते सोडत नाही. भावकी म्हणाली, "सावली घरात मुरलीय, जायला वेळ लागंल." सहा वर्षं मुरत होती म्हणे सावली. लोणचं तरी एवढं मुरत नाही.

दादांनी मात्र तुझं एक ऐकलं. मला शाळेत ठेवलं. गेवराईत झालं तेवढं, मग बीडला, आणि मग सरकारी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळाला तेव्हा शहागडला गोदावरी ओलांडून जालन्याची गाडी धरली आणि हैदराबादला गेलो. सगळं शिक्षण उर्दूतून. मराठीत विचार करायचा, उर्दूत लिहायचा, आणि पुस्तकातल्या खुणा इंग्रजीत. पहिलं वर्ष तर मी रसायनापेक्षा भाषेच्याच आगीत भाजून निघालो.

दुसऱ्या वर्षी एके दिवशी आमचे उस्ताद एक पांढरा खडा घेऊन उभे राहिले. पांढऱ्या दाढीचे, बोटांना तेजाबाचे, म्हणजे आम्लाचे, डाग. म्हणाले, "ये सुहागा है." मी चमकलो. त्यांनी प्लॅटिनमच्या तारेला बारीक वळण दिलं, ते तापवून खड्याला लावलं आणि ज्योतीत धरलं. खडा फसफसला. वर चढला. पांढरी लाही झाली. माझ्या तोंडून वर्गात मोठ्यानं निघून गेलं: "अरे, ही तर आत्याची!" मग ती लाही हळूहळू बसत गेली, आक्रसली, आणि तारेच्या वळणात काचेसारखा स्वच्छ थेंब तयार झाला. त्यांनी त्याला तांब्याची कणभर भुकटी लावून पुन्हा तापवला. गरम होता तेव्हा हिरवट दिसला, निवला तसा मोरपिसासारखा निळा झाला. "देखो मियाँ, धातू का मैल खा गया."

ते समजावत होते. सुहाग्याच्या खड्यात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. दिसत नाही, पण असतं, कोंडलेलं. तापवलं की पाणी उकळून बाहेर पडू बघतं, म्हणून तो फुगतो. सगळं पाणी गेलं की मग तो शांतपणे वितळतो, आणि त्या वितळलेल्या काचेत धातूवरचा जळका थर विरघळून जातो, म्हणून सोनाराचा डाग धरतो.

आणि तिथं त्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. कच्ची सवागी सांध्यावर लावली की ती आचेत फुगणार. फुगताना डागाचे बारीक तुकडे उचलून बाजूला सरकवणार. कडी तसूभर हलणार. वरून चकाकी दिसणार, पण आत सांधा अर्धाच. आज धरेल, महिन्यानं सुटेल. लग्नात सुटेल! लाही आधीच फुगून झालेली असते, ती पुन्हा फुगत नाही. तू नवव्या वर्षापासून ते पाणीच काढत होतीस, आत्या. आणि लाही दमट हवेत हळूहळू पुन्हा पाणी पिते, म्हणून दर शुक्रवारी. म्हणून श्रावणात दोनदा!

मी हात वर केला. उर्दू अजून लंगडी होती. विधवेबद्दल विचारलं, "साहेब, बेवा औरत का हाथ लगा तो सुहागा बिगडता है?"

वर्ग हसला. पुढच्या बाकावरचा एक तर डोकं टेकून हसला. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी ज्योत बारीक केली, माझ्याकडं बघितलं आणि दक्खनीत, घरच्यासारखं म्हणाले, "आग कू क्या मालूम मियाँ, किसका हाथ है?"

हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझं नाव न घेता का होईना, तुझी फिर्याद मी हैदराबादेत लोक हसत असताना मांडली होती, हे तुला माहीत असायला हवं.

सुटीत घरी आलो आणि दादांना सांगितलं. दादा घुंगरू घासत होते. न बघताच म्हणाले, "कालिजात आता सोनारकीबी शिकवतेत का?"

"दादा, लाही केली पाहिजे. आत्या करायची तशी."

"तुझी आत्या काय करायची ते मला सांगतो व्हय बे? मी तिच्या पाठचा भाऊ हाय."

"मग सांगा, खापरीत किती वेळ ठेवायची?"

दादांना माहीत नव्हतं. हातातलं घुंगरू एकदाच वाजलं. मग म्हणाले, "जा. घिऊन ये तिला."

तू लिंबागणेशला देवळाच्या मागच्या ओट्यावर सूप घेऊन बसली होतीस. केस पांढरे झाले होते, आणि तू काही म्हातारी नव्हतीस. मी सगळं सांगितलं, पाणी, लाही, काच. तू तांदळातले खडे काढत राहिलीस.

"मी न्हाई येत."

"कावून, आत्या?"

"आन् पुन्हा सुटला तर? आता निदान लोक म्हणतेत, तिची सावली तिकडं लिंबागणेशला हाय. पुन्हा सुटला तर मला सोताला मानावं लागंल, दत्तू. आतापतूर मी मानलं न्हाई."

तेव्हा कळलं की तुझ्या जिवाला काय लागून राहिलं होतं. लोकांचं तू केव्हाच सोडून दिलं होतंस. तुझी भीती तुलाच होती. सहा वर्षं तू रोज एकच प्रश्न घेऊन झोपत होतीस: खरंच माझ्यामुळं असेल का? आणि मी तुला त्या प्रश्नाचा निकाल लावायला बोलावत होतो. निकाल दोन्ही बाजूंनी लागू शकतो हे तुला बी. एस्सी. न होता कळत होतं.

मी म्हणालो, "सुटला तर मी कालेज सोडतो."

तू पहिल्यांदा वर बघितलंस. "मंग तर यावंच लागंल. तुझ्यासारखं पोरगं भट्टीवर बसलं तर घर जाळंल."

दादांपुढं मी परीक्षा मांडली. सोन्याची नाही, तांब्याच्या वाट्या, तांब्याच्या कड्या, वर तोच बारीक डाग. चार पुड्या. एक लाही तुझ्या हातची, एक लाही आईच्या हातची, तुला विचारून केलेली. एक कच्ची सवागी तुझ्या हातानं कुटलेली, एक कच्ची आईच्या हातची. पुड्यांवर आतून खूण. दादांना कुठली कोणाची ते ठाऊक नाही. भावकीतले दोघे थोरले ओट्यावर बसवले, ज्यांनी 'मुरलीय' म्हटलं होतं तेच.

खरं सांगू? कच्चा डाग दर वेळी सुटत नाही. कसबी हात असला तर दहातले सहा धरतातही. म्हणून एकेक पुडी अनेकदा वापरायची असं ठरवलं. दोन दिवस दादा बाकनळी फुंकत होते, गाल भरून, डोळे ज्योतीवर. मी आणि आई राखेत वाट्या निववत होतो. तू मात्र पडवीत पाठ करून बसलीस, एकदाही वळून बघितलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांनी सांडशीनं एकेक कडी ओढायला सुरुवात केली. दोन पुड्यांतली एकही सुटली नाही. उरलेल्या दोन पुड्यांतल्या निम्म्याहून जास्त निसटल्या, काही तर बोटानंच. मी पुड्या उलगडून खुणा दाखवल्या. धरलेल्या एक तुझी, एक आईची. सुटलेल्याही एक तुझी, एक आईची. चारही मिळून एकच सांगत होत्या: लाही धरते, कच्ची सोडते. हात कुणाचाही असो.

ओट्यावरचे थोरले उठून पायताण शोधू लागले. एकाला एकच सापडलं, तर तो एकच घालून निघाला.

आई मात्र तिथंच राखेपाशी बसून रडायला लागली. "म्हंजी वन्सं, मीच की! सा वर्सं मीच कच्ची भरत हुते. माझ्यामुळं तुमाला..."

तू पडवीतून उठून आलीस. तिच्याशेजारी बसलीस. आणि जे बोललीस ते मी उस्तादांना पुढं पत्रातून कळवलं होतं, आणि त्यांनी उलट लिहिलं होतं की असं उत्तर वर्गात कुणी दिलं नाही.

"रुखमे, रडू नको. तुझी न्हाई, माझीबी न्हाई. चूक पाण्याची हाय."

आत्या, मला दोनतीन सनदा मिळाल्या आहेत. त्यातल्या एकीवरही एवढं शहाणपण लिहिलेलं नाही.

पण तांब्यावरचा निवाडा गावानं मानला नाही. गावाला सोनं लागतं. चार महिने कुणी आलं नाही. मग एके दिवशी, मी हैदराबादला असताना, दारात टांगा थांबला आणि पाटलांची चंद्री उतरली. तीच. कडेवर एक, बोटाला एक, आणि मागून नवरा, चांगला धडधाकट, पानानं ओठ लाल. दादा उभेच राहिले. तिनं गळ्यातलं मंगळसूत्र काढून पाटावर ठेवलं. एक वाटी कडीत, दुसरी काळ्या दोऱ्यानं गुंडाळून बांधलेली, इतकी वर्षं.

"बीडला जोडून घेतली न्हाईस व्हय?" दादांनी विचारलं.

"सासू म्हनली, अपशकुनाची हाय, तिला आच नको. म्हनून दोऱ्यानं बांधली. आता सासू ऱ्हायली न्हाई." मग तिनं पदर सावरला आणि पडवीकडं बघून म्हणाली, "डाग द्या. पर सवागी त्याच बाईच्या हातची लावा. मला माझी भीती मोडायचीय."

नवरा हसून म्हणाला, "मी तर कवाच म्हनलो, मी काय मेलो न्हाई!"

त्या शुक्रवारी तू पुन्हा खापरी चुलीवर ठेवलीस. खडे ओले झाले, फसफसले, वर आले. तू लहान पोरीसारखी बघत होतीस म्हणे, आई सांगते. दादांनी वाटीला डाग दिला. निवल्यावर चंद्रीनं स्वतः सांडशी मागितली आणि पूर्ण ताकदीनं ओढली. धरलं. मग तिनं ते गळ्यात घातलं आणि तुझ्या पाया पडायला वाकली. सगळ्या घराचं लक्ष त्या वाटीवर. वाटी हलली, झुलली, आणि जागेवर राहिली.

मला वाटतं, आपल्या घरानं त्या दिवशी सहा वर्षांनी श्वास सोडला.

पुढची आठ वर्षं तू आमच्याशी भांडत जगलीस, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. तू डबीला हळदकुंकू वाहणं सोडलं नाहीस. मी म्हणायचो, "आत्या, हळदकुंकवानं काही होत नाही, पाणी जाऊन होतं." तू म्हणायचीस, "पाणी कुणी घातलं खड्यात?" मी म्हणायचो, "निसर्गानं." "मंग त्याचंच हाय हे हळदकुंकू. तुला कावून डाचतंय?" तू गेलीस म्हणून वाद संपला असं नाही. मी उत्तर शोधतो आहे.

एकदाच मी तुला हरवलं. हळदीत सवागीचं पाणी टाकून लाल केलं, मग अख्खं लिंबू पिळून पुन्हा पिवळं करून दाखवलं. तू बघत राहिलीस. म्हणालीस, "बघ, एका लिंबानं सवाष्णीची विधवा झाली. इतकंच अंतर व्हतं व्हय." आणि हसलीस. मी हसलो नाही. जिंकून हरलो.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली होती, आणि ती सांगायलाच हे एवढं लिहिलं. ओट्यावर 'आत्यानं' म्हणून मी थांबलो नव्हतो, 'मांजरानं पाडली म्हणून' हेही म्हणालो होतो. पण ते हळू म्हणालो होतो. मोठ्यानं म्हणायला हवं होतं. पाटलाच्या तोंडाकडं बघून माझा आवाज बसला. ते अर्धं वाक्य तुझी सहा वर्षं घेऊन गेलं. आत्या, माझी चूक झाली. ती पाण्याची नव्हती. माझीच होती.

मागच्या महिन्यात मी आलो होतो तेव्हा तू अंथरुणावर होतीस. मी पायाशी बसून काहीतरी सुरू करायचा प्रयत्न केला. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "दत्तू, जा, तोंड धुऊन ये. आठवीपास्नं तुझ्या तोंडावर कायतरी चिकटलंय." मी विहिरीवर गेलो, तोंड धुतलं. परत आलो तर तू झोपली होतीस. उठल्यावर चहा मागितलास आणि पावसाबद्दल बोललीस. तुला ठाऊक होतं. बहुतेक पहिल्या दिवसापासून.

तू गेल्याचं कळलं तेव्हा रडू आलं, पण त्याआधी छातीतलं काहीतरी मोकळं झालं. तू तो प्रश्न उशाशी घेऊन गेली नाहीस. लिंबागणेशच्या ओट्यावर, सूप हातात धरून, 'माझ्यामुळं असेल का' असं म्हणत गेली नाहीस. गेवराईला, आपल्या घरात, जरा बरं वाटलं तशी उठून शुक्रवारचं काम उरकून दुपारी आडवी झालीस आणि उठली नाहीस. खापरी अजून कोमट होती, असं आई म्हणाली.

काल शुक्रवार होता. आईनं लाही केली, शेजारच्या विठाबाईनं कुटली. विठाबाई विधवा आहे. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

दादांनी वाटी पुसून कोनाड्यात पालथी घातली आहे, ज्यात ते सुटलेले तुकडे ठेवायचे. तू परत आल्यापासून आपल्या दुकानातून गेलेल्या दागिन्यांपैकी एकाचाही डाग सुटून परत आलेला नाही.